दंडावरची शंकरपाळी

परवा मावसभावाने कोल्हापुरातून एक फोटो पाठवला. पिंटरेस्टवरचा आहे, कुणातरी गोऱ्या माणसाचा दंड, त्यावर सेल्टिक नॉटचा, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या दोरांच्या आयरिश नक्षीचा, काळाकुट्ट पट्टा, आणि खाली मेसेज, "दादा, तू तिकडं आयर्लंडातच हाईस, हे माझ्या दंडावर बसंल का बघ की." मी उत्तर लिहायला घेतलं आणि ते व्हॉट्सॲपवर मावेना, दोनदा तर बोट लागून अर्धंच गेलं, म्हणून म्हटलं इथेच लिहावं, त्याला लिंक पाठवता येईल आणि अजून कुणाला हौस असेल तर त्याच्याही कामाला येईल.

तर भावा, बसणार नाही. त्या माणसाच्या हातावर ते बसलंय कारण कुणीतरी त्याच्या हाताचं माप घेऊन ते काढलंय. तेच उचलून दुसऱ्याच्या हाताला चिकटवलं की काय होतं ते मला चांगलं माहितीय, माझ्या उजव्या दंडावर ते कायमचं आहे.

२०११ ची गोष्ट. आम्ही पाच जण आंबोली घाटातून गोव्याला गेलो होतो, तिसऱ्या दिवशी पैसे संपत आले होते तरी किनाऱ्याजवळच्या एका गल्लीत टॅटूच्या दुकानात शिरलो. भिंतीवर लॅमिनेट केलेले डिझाइनचे कागद, विंचू, ड्रॅगन, शंकर, गुलाब, आणि खाली कोपऱ्यात एक वेणीसारखा पट्टा. मला तो आवडला, का आवडला ते तेव्हाही सांगता आलं नसतं. त्या माणसाने छापील पट्टी कापली, दंडाला बाहेरून गुंडाळली, दोन्ही टोकं काखेच्या बाजूला आली आणि मधे दोन बोटं जागा उरली. पट्टी ठरलेल्या लांबीची, आणि मी तेव्हा रोज जोर मारायचो. तो म्हणाला आत कोण बघतंय, तिथे ॐ काढून देतो, त्याच पैशात. काखेत ॐ नको म्हणण्याइतकी अक्कल मला होती. मग त्याने तिथे एक तिरका भरीव चौकोन काढून दिला. घरी गेल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही, मग हात उलटा करून बघितला आणि म्हणाली, "आणि ही शंकरपाळी कशाला?" झालं, घरात त्या टॅटूचं नाव तेच पडलं.

पण शंकरपाळी ही खरी चूक नव्हतीच. खरी चूक मला सहा वर्षं दिसलीच नाही. नॉटवर्कचा नियम एकच आहे, कुठलाही दोर पकड आणि त्याच्या मागे चालत जा, तो एकदा वरून जाणार, मग खालून, मग वरून, मग खालून, शेवटपर्यंत. आपल्या चपलेवर चामड्याची वेणी असते ना, ती बघ, किंवा नवारीची खाट. माझ्या दंडावर शंकरपाळीच्या अलीकडे एक दोर सलग दोनदा वरून जातो. खरी दोरी असती तर वेणी तिथेच सैल पडली असती. कातडीवर असल्यामुळे पडली नाही, एवढंच.

हे दिसलं कसं, तर मी २०१६ ला नोकरीसाठी डब्लिनला आलो, आणि इथे भारतातून कुणीही आलं की त्याला ट्रिनिटी कॉलेजात बुक ऑफ केल्स दाखवायला न्यावं लागतं, जसं आपल्याकडे पाहुणा आला की अंबाबाईला न्यावं लागतं. साधारण इसवी सन ८०० च्या सुमाराची हस्तलिखित बायबलची चार शुभवर्तमानं, वासराच्या कातड्यावर लिहिलेली, ३४० पानं शिल्लक. काचेखाली उघडलेलं तेवढंच दिसतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा गर्दीत ढकलाढकली करून बघून आलो, तिसऱ्या वेळी पाहुण्यांना पुढे पाठवून मी एकटाच वाकून बसलो आणि एका अक्षराच्या शेपटीतला दोर डोळ्यांनी पकडून त्याच्या मागे जायला लागलो, वरून, खालून, वरून, खालून. कुठेही चुकला नाही. घरी येऊन आरशासमोर शर्ट काढला आणि स्वतःच्या दंडावर तेच करून बघितलं. करायला नको होतं.

याच ट्रिनिटीत त्याच काळातलं बुक ऑफ आर्मा नावाचं एक पुस्तक आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन वेस्टवुड नावाचा एक इंग्रज, धंद्याने कीटकांचा अभ्यासक, म्हणजे भिंग घेऊन बसायची सवय असलेला माणूस, त्याने त्यातल्या पाऊण इंच लांब आणि अर्ध्या इंचाहून कमी रुंद जागेत १५८ गुंफणी मोजल्या. पाऊण इंच! अंगठ्याच्या नखाएवढी जागा. लोक असली पानं बघून भारावतात आणि टॅटूवाल्याकडे जाऊन म्हणतात, सेम असंच पाहिजे. आता गंमत बघ, ते पुस्तकही कातड्यावरच आहे. पण ते कातडं मेलेलं, घासून, ताणून सपाट केलेलं, त्याला घाम येत नाही, ते जिमला जात नाही, म्हातारं झालं तरी लोंबत नाही. जिवंत कातडीत शाई वरच्या थराच्या खाली जाऊन बसते, तिथल्या पेशी ती गिळून धरून ठेवतात, आणि वर्षं जातील तशी प्रत्येक रेष थोडी थोडी फुगत जाते. दोन रेषांमधे केसाएवढी फट ठेवलीस तर दहा वर्षांनी ती फट नसते, निळसर काळा डाग असतो. माझ्या आताच्या आर्टिस्टचा साधा हिशोब आहे, हातभर अंतरावरून जी फट स्पष्ट दिसत नाही ती गोंदायचीच नाही.

इथे एक विषय बाजूला घेऊन संपवतो कारण तू फोटोबरोबर "हजारो वर्षांपूर्वीचे सेल्टिक योद्धे" वगैरे लिहिलेली रील पण पाठवली आहेस. भावा, ते खरं नाही. लोहयुगातले जे खरे सेल्ट, युरोपातल्या जुन्या टोळ्या, त्यांच्या ढालींवर, तलवारींच्या म्यानांवर, आरशांच्या पाठीवर वळणदार वेली आणि भोवरे आहेत, ही गुंतलेली वेणी नाही. वेणी आयर्लंड-ब्रिटनमधे फुलली ती सातव्या शतकापासून, ख्रिस्ती मठांमधे, आणि तिचे धागेदोरे भूमध्य समुद्राकडच्या कलेपासून इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन सोनारांपर्यंत जातात. म्हणजे ज्याला आपण योद्ध्याचा पट्टा म्हणतो तो खरं तर वहीवर वाकून बसलेल्या साधूचा उद्योग. अंगावर गोंदण्याचं म्हणशील तर सीझर लिहितो की ब्रिटनचे लोक अंगाला निळा रंग लावायचे, आणि स्कॉटलंडमधल्या पिक्ट लोकांचं नाव रोमन लिखाणात २९७ मधे पहिल्यांदा येतं, त्याचा अर्थ रंगवलेले. पण रंगवलेले म्हणजे गोंदलेलेच असं नाही, आणि त्यांच्या अंगावर नॉटवर्क होतं याला पुरावा शून्य. आणि ते अर्थ, हा नॉट प्रेमाचा, हा ताकदीचा, हा बाप-लेकीच्या नात्याचा, ती यादी कुठल्याही मठातल्या माणसाने लिहून ठेवलेली नाही, ती दुकानांनी केली. माझ्या ऑफिसातल्या एका आयरिश माणसाने माझा दंड बघून विचारलं होतं, "तू अमेरिकेहून आलास की काय?" कारण इथे हे टॅटू बहुतेक आजोबा-पणजोबांचं गाव शोधत आलेल्या अमेरिकनांच्या अंगावर दिसतात.

मग मला का आवडतं? गणितामुळे. थांब, पळू नकोस, सातवीचंच आहे.

लिंडिसफार्न गॉस्पेल्स म्हणून अजून एक पुस्तक आहे, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, आठव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यातल्या सजावटीच्या पानांच्या मागच्या बाजूला परकाराच्या टोकाची भोकं आणि आखलेल्या जाळीच्या रेषा अजून दिसतात. म्हणजे ही माणसं हाताला येईल तसं काढत नव्हती, आधी मोजत होती. ही मोजायची पद्धत पुढे विसरली गेली, आणि ती परत उलगडायला विसावं शतक लागलं. रोमिली ॲलन, हा मूळचा इंजिनियर, त्याने स्कॉटलंडमधल्या कोरीव दगडांवर काम केलं, ते १९०३ मधे छापून आलं, त्यात त्याने दाखवलं की कितीही गुंतागुंतीचा नॉट असू दे, त्याच्या पोटात साधी वेणीच असते, फक्त ठराविक अंतरावर दोर तोडून शेजारच्या दोराला जोडलेले असतात. मग जॉर्ज बेन, कर्कॉल्डीच्या हायस्कुलातला चित्रकलेचा मास्तर, त्याने ही वाट शाळेतल्या पोरालाही जमेल इतकी सोपी केली, त्याचं पुस्तक १९५१ चं. मी ते इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलं आणि लॉकडाऊनमधे चौकटीच्या वह्यांवर वह्या भरल्या.

पद्धत अशी. ठिपके मांड, ओळीत. ठिपक्यांच्या मधून तिरक्या रेषा जाऊ दे, काठाला आदळल्या की परत वळव. झाली वेणी. आता अधूनमधून जिथे दोन दोर एकमेकांना छेदतात तिथे छोटी भिंत घाल, म्हणजे दोर एकमेकांवरून न जाता भिंतीला घासून मागे फिरतील. उभी भिंत की आडवी, आणि किती अंतरावर, एवढ्यावर सगळे नॉट. बेनच्या पुस्तकात नॉटवर्कच्या उदाहरणांची पानंच्या पानं आहेत. हे सांगितलं की आपल्याकडचा प्रत्येक माणूस लगेच म्हणतो, अरे ही तर आपली ठिपक्यांची रांगोळी! नाही. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत आपण ठिपके जोडतो, रेष ठिपक्यावरून जाते. हिची खरी बहीण म्हणजे तमिळ लोकांचं सिक्कू कोलम, त्यात रेष ठिपक्याला हात न लावता त्याच्याभोवती फिरत राहते आणि शेवटी जिथून निघाली तिथे येऊन मिळते. आमच्या बिल्डिंगमधल्या एका तमिळ काकूंना मी बेनची पानं दाखवली, त्यांनी पेन घेतलं आणि पाच मिनिटांत वहीच्या मागच्या पानावर तेच काढून दिलं, पुस्तकाकडे न बघता.

आता हाताकडे. सपाट कागदावर वेणीला दोन टोकं असतात, हाताभोवती गुंडाळली की टोकंच राहत नाहीत, ती स्वतःलाच येऊन मिळते. वेणीला किती पेड आहेत आणि हाताभोवती एका काठावर किती वळणं बसतात, हे दोन आकडे घे आणि त्यांचा मसावि काढ. हो, तोच, महत्तम साधारण विभाजक. जो येईल तितके सुटे दोर तुझ्या पट्ट्यात असतील. ४ पेड आणि १२ वळणं, मसावि ४, म्हणजे चार वेगवेगळे दोर एकमेकांत अडकलेले. ४ पेड आणि १० वळणं, दोन दोर. ४ पेड आणि ११ वळणं, मसावि १, म्हणजे सगळा पट्टा एकाच दोराचा, कुठूनही बोट ठेवून निघालास की सगळीकडे फिरून तिथेच परत. बघणाऱ्याला कळतो का फरक? नाही कळत. पण मला रात्री झोप लागत नाही त्याचं काय.

मला एकच दोर हवा होता. मग ११ किंवा १३ घ्यावं, सोपं आहे. पण मला मधे भिंती पण घालायच्या होत्या, नाहीतर ती नुसती वेणीच राहते, आणि भिंती सारख्या अंतरावर घालायच्या तर वळणांच्या आकड्याचे सारखे भाग पडायला हवेत. ११ चे पडत नाहीत, १३ चे पडत नाहीत. १२ चे मस्त पडतात, दोन, तीन, चार, सहा, पण ४ पेडांबरोबर १२ घेतले की चार दोर. दोन रविवार यात गेले. बायको म्हणाली, एवढा विचार आपण घर घेताना केला नव्हता. शेवटी ५ पेड घेतले, ५ आणि १२ चा मसावि १. पण भिंत घातली की दोर तुटून दुसरीकडे जोडला जातो, म्हणजे पहिला हिशोब गेला, परत रंगीत पेन्सिल घेऊन एकेका दोराचा माग काढायचा. भिंतींची जागा तीन-चारदा हलवली. शेवटचं जे आलं त्यात दोन दोर निघाले. दोनावर मी तह केला.

हे सगळं डाव्या हाताच्या कोपराखाली करायचं ठरलं होतं, दंड नको, दंडाचा मला एक अनुभव पुरे होता. इथल्या आर्टिस्टकडे वही घेऊन गेलो, मला वाटलं ती खूश होईल. तिने वही बाजूला ठेवली आणि शिंप्याची टेप काढली. कोपराच्या थोडं खाली घेर २७ सेंमी. तिथून ५ सेंमी खाली, जिथे पट्टा संपणार, तिथे साडेचोवीस. मग म्हणाली, तू हे सरळ पट्टीवर काढलंयस, तुझा हात नळकांडं आहे का?

नाही ना. हात शंकू आहे, वर जाड आणि खाली बारीक. मी कागदावर वरचा काठ आणि खालचा काठ सारख्या लांबीचे धरले होते. १२ वळणं वरच्या काठावर सव्वादोन सेंमीची पडतात, खालच्या काठावर दोन सेंमीच्या जरा वर. वळणामागे दोन मिलिमीटरचा फरक, कुणाला दिसतोय, पण बारा वेळा दोन मिलिमीटर झाले की अडीच सेंमी झाले. सरळ पट्टी त्या हाताला गुंडाळली की खालची टोकं एकमेकांवर चढतात नाहीतर वरची उघडी राहतात, नाहीतर पट्टा स्क्रूसारखा तिरका चालत जातो आणि टोक टोकाला भेटतच नाही. तेव्हा मला गोव्यातली ती दोन बोटं आठवली. तिथे लांबी तर कमी पडलीच होती, पण वरून तो कागद वाकड्या हाताला सरळ लावला होता.

यावर उपाय सुताराला विचारलास तरी तो सांगेल. बादलीचा पत्रा कापताना सरळ पट्टी कापत नाहीत, कमानीसारखी कापतात. माझ्या मापाला त्या कमानीची त्रिज्या आली ५४ सेंमी. परकार एवढा मोठा कुठून आणायचा, मी जेवणाच्या टेबलावर खिळ्याला दोरा बांधून दोन कमानी मारल्या, त्यांच्यामधे बारा भाग पाडले आणि सगळी जाळी नव्याने काढली. आता प्रत्येक चौकट वरून रुंद, खालून किंचित अरुंद. कागदावर ते वाकडं दिसतं, पंख्याच्या पात्यासारखं. हाताला गुंडाळलं की सरळ. टेबलाला खिळा मारला हे बायकोला अजून माहीत नाही, हे ती वाचणार नाही अशी आशा आहे.

आणि अजून एक भानगड. पेनने कोपराच्या खळग्यापासून मनगटापर्यंत एक सरळ उभी रेष मार, तळवा वर ठेवून. आता तळवा खाली फिरव. रेष कुठे गेली बघ. कोपराजवळ जागची फारशी हलत नाही, पण मनगटाकडे पार वळून दुसऱ्या बाजूला जाते, कारण हातातल्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्यावर फिरतं आणि कातडी त्याच्याबरोबर पिळत जाते. म्हणून मनगटाजवळ चौकोनी, शिस्तीतलं नॉटवर्क काढलं की एका स्थितीत ते छान दिसतं आणि बाकी वेळ पिळलेल्या टॉवेलसारखं. कोपराजवळ राहिलं तर त्रास कमी. कागदी स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर नक्षी उमटवायचा छापा, लावताना मी आपला टेबलावर हात पसरून बसलो होतो, डॉक्टरकडे रक्त द्यायला बसतात तसा. तिने उभं केलं, हात सोडून दे म्हणाली, अंगठा पुढे, खांदे सैल, श्वास घे. माणूस जसा बसस्टॉपवर उभा राहतो तसा. त्या स्थितीत कातडी जशी असते तशीच टॅटू लोकांना दिसणार, टेबलावर पसरलेला हात कुणी बघत नाही.

पण बारा भागांचं अखंड स्टेन्सिल तिने केलंच नाही. तीन तुकडे केले, दहा वळणांपुरते, आणि आतल्या बाजूची, जी कमरेकडे राहते ती, शेवटची दोन वळणं मोकळी ठेवली. कारण टेप कितीही नीट धरली तरी हात गोल नसतो, स्नायू एका बाजूला फुगीर, हाड दुसऱ्या बाजूला, आणि कुठेतरी तीन-चार मिलिमीटर इकडे तिकडे होतातच. ते कर्ज त्या दोन वळणांत फेडायचं. तिथे तिने स्किन मार्करने हातावरच रेषा जोडल्या, एक वळण जरा ताणलं, एक जरा दाबलं. मला आधी सांगितलं नसतं तर सापडलं नसतं. दुकानातली शंकरपाळी आणि हे, दोन्ही जोड झाकण्याचेच प्रकार आहेत, फक्त इथे जोड दोराच्या आत मुरवलाय. आणि मग तिने मला खुर्चीवर बसवून सांगितलं, आता प्रत्येक छेदावर बोट ठेव आणि वरून-खालून मोठ्याने म्हण. अख्खा पट्टा. मी म्हटलं, वरून, खालून, वरून, खालून, शेजारच्या खुर्चीवर गुलाब काढून घेणारी मुलगी हसत होती. म्हणायला विचित्र वाटलं पण दोन जागी स्टेन्सिल उमटलं नव्हतं तिथे मीच अडखळलो, आणि सुई लागायच्या आधी अडखळलो.

सुईचं फार लिहीत नाही, पाच तास, कोपराच्या आतल्या बाजूला डोळ्यांत पाणी आलं, बाकी ठीक. बाहेरच्या रेषा आधी, मग दोन आठवडे सोडून दुसऱ्या वेळी मागचा काळा भराव. भरावाचं मात्र ऐक, कारण तुझा माझा रंग सारखाच. फोटोतल्या गोऱ्या माणसाच्या दोरात राखाडी शेडिंग आहे, दोर गोल भासावा म्हणून. सावळ्या कातडीवर ती हलकी राखाडी छटा बरी झाल्यावर जवळजवळ दिसतच नाही, मातकट होते. त्यापेक्षा दोर कोरा सोडायचा, आपल्या कातडीचाच, आणि दोरांच्या मधली जागा गच्च काळी भरायची. मग दोर काळ्यातून वर उठून येतो. रेषा नंतर फुगल्या तरी काळ्यात काळं मिसळतं, दोर जरासा बारीक होतो, पण तुटत नाही. माझ्या पट्ट्यात दोर नऊ मिलिमीटर आणि मधली जागा सहा, ऐकायला ढोबळ वाटतं, हातावर नाजूक दिसतं.

खांद्यावर गोल पदक काढून घ्यायचा तुझा दुसरा विचार, त्यावर थोडक्यात. खांदा घुमट आहे. सपाट गोल कागद घुमटावर ठेवला की कडेला चुण्या पडतात, पुरीच्या पिठाची लाटी वाटीवर पांघरल्यासारखं. म्हणून तिथे पाकळ्यांत किंवा तीन हातांत विभागलेलं डिझाइन बरं, पाकळ्यांच्या मधल्या फटींत चुण्या जिरवता येतात. पाठीचं म्हणशील तर मणक्यावर उभा क्रॉस चालतो, मणका मधोमध आहे, पण फऱ्याच्या हाडावर जे येईल ते हात वर केला की सरकणार, तिथे सरळ काठाची चौकट नको. पायाच्या पोटरीला हाताचेच नियम, फक्त केस जास्त.

राहिला तुझा दंड. तुझं काय आहे की जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानांच्या मोसमात तुझा दंड वेगळा आणि पावसाळ्यात वेगळा. बंद पट्टा मापात बसवला की तो त्या मापाचा कैदी होतो, दंड वाढला तर दोर ताणले जातात आणि चौकटी आडव्या होतात, उतरला तर आक्रसतात, आणि बंद असल्यामुळे ते चारी बाजूंनी दिसतं. तुला मी म्हणेन बंद पट्टा घेऊच नको. डब्लिनमधेच किल्डेअर स्ट्रीटवर राष्ट्रीय संग्रहालयात जुन्या पिना आहेत, अंगरख्याला लावायच्या, आठव्या-नवव्या शतकातल्या, त्यातल्या बऱ्याच कड्यासारख्या पण एका बाजूला उघड्या. तसा उघडा पट्टा काढायचा, काखेकडे चार बोटं जागा मुद्दाम सोडायची, आणि दोन्ही टोकांना दोराची डोकी करायची, कुत्र्याची नाहीतर पक्ष्याची. केल्सच्या पानांवर अशी जनावरं ढिगाने आहेत, मान लांबते, दोर होते, स्वतःच्याच पायातून जाते आणि दुसऱ्याच्या शेपटीला चावते. यात मसाविची कटकट नाही, टोक टोकाला भिडवायचं नाही, दंड वाढला तर दोन डोक्यांमधलं अंतर वाढेल, कुणाला कळणार. एकच पथ्य, जनावराचे पाय मोजायचे. कितीही वेढे घेतले तरी कुत्र्याला चार पाय, पक्ष्याला दोन, एक शेपूट, एक डोकं, सगळं कुठेतरी सापडलं पाहिजे. स्वस्तातल्या डिझाइनमधे तीन पायांचे कुत्रे फार असतात.

हे एवढं सगळं मी त्याला फोनवर सांगितलं होतं खरं तर, आणि शेवटी म्हटलं होतं की दंडाचा घेर दोन ठिकाणी मोज, वरचा आणि चार बोटं खालचा, उभं राहून, हात सैल सोडून, आणि आकडे पाठव, मी इकडून कमान काढून देतो. काल रात्री मेसेज आला. एकच आकडा, "१६ इंच". सोबत फोटो, टेपसकट.

फोटोत दंड फुगवलेला आहे.